अचूक नेमासाठी एअर रायफल : निवड, पारख आणि टप्प्याटप्प्याने सुधारणा

दहा मीटर एअर रायफल स्पर्धेच्या लक्ष्यफलकावर दहा गुणांचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटर व्यासाचा असतो. टाचणीच्या माथ्याहूनही लहान असलेल्या या ठिपक्यावर उभ्याने, कोणत्याही आधाराविना, ७५ मिनिटांत ६० छर्रे झाडायचे असतात. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये अर्जुन बबुता याने पात्रता फेरीत ६३०.१ गुण मिळवले आणि तो सातव्या स्थानावरून अंतिम फेरीत गेला. दर छऱ्यामागे साडेदहा गुणांची ही सरासरी आहे. म्हणजे प्रत्येक छर्रा केंद्रापासून सरासरी सव्वा मिलिमीटरच्या आसपास पडला, तरच अंतिम फेरीचे दार उघडते.

एवढी सूक्ष्मता अपेक्षित असलेल्या खेळात साधनाची निवड महत्त्वाची ठरते, यात नवल नाही. मात्र याच टप्प्यावर अनेक कुटुंबांची फसगत होते. मुलाने किंवा मुलीने शाळेच्या शिबिरात चार छर्रे बरे मारले की घरात रायफल घेण्याची चर्चा सुरू होते. मग कोणी स्वस्तातली जोरकस बंदूक घेतो, कोणी कर्ज काढून परदेशी रायफल मागवतो, तर कोणी जुनी रायफल न तपासता घरी आणतो. दोन-तीन वर्षांत पैसा अडकतो, प्रगती थांबते आणि अनेकदा खेळही सुटतो. विश्वासार्ह रायफल कशी ओळखावी, तिच्यात कोणत्या क्रमाने सुधारणा कराव्यात आणि कोणता खर्च टाळावा, याची माहिती येथे दिली आहे.

परंपरा आणि मराठी धागा

भारतातील संघटित नेमबाजीचा आरंभ मराठी माणसाच्या पुढाकाराने झाला. लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव ऊर्फ दादासाहेब मावळंकर यांचा जन्म १८८८ मध्ये बडोद्यात झाला. १९५१ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया ही राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेची पायरी मानली जाणारी अखिल भारतीय स्पर्धा आजही मावळंकर यांच्याच नावाने ओळखली जाते.

पुढे अंजली भागवत यांनी २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये, तर सुमा शिरूर यांनी २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये दहा मीटर एअर रायफलची अंतिम फेरी गाठली. २००८ मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्रा यांनी याच प्रकारात भारताला पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक सुवर्ण मिळवून दिले. हैदराबादचे गगन नारंग यांना २०१२ मध्ये लंडनला कांस्यपदक मिळाले. २०२२ मध्ये कैरो येथे ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील जगज्जेता झाला. पॅरिसमध्ये पन्नास मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या प्रकारात कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसाळे कोल्हापूर जिल्ह्यातला. या यशामुळे महाराष्ट्राबरोबरच शेजारच्या प्रांतांतील मराठी घरांतही या खेळाविषयी औत्सुक्य वाढले आहे.

‘एअर’ नाव असलेली प्रत्येक बंदूक क्रीडासाधन नव्हे

बाजारात ‘एअर’ या शब्दाखाली तीन भिन्न वस्तू मिळतात. पहिली एअरसॉफ्ट. तिचा उगम जपानमधला. ती साधारणपणे सहा मिलिमीटर व्यासाची प्लॅस्टिकची गोळी झाडते. तिच्या नळीला आतून आटे नसतात. गोळीला उलटी गिरकी देणाऱ्या ‘हॉप-अप’ नावाच्या रबरी योजनेमुळे ती हवेत तरंगत दूर जाते. लुटुपुटुच्या लढायांसाठी ती घडवलेली आहे. स्पर्धात्मक नेमबाजीत तिला स्थान नाही.

दुसरी, जत्रेत फुगे फोडण्यासाठी किंवा मौजेसाठी वापरली जाणारी स्प्रिंगची छऱ्याची बंदूक. तिसरी, स्पर्धेसाठी घडवलेली ‘मॅच’ एअर रायफल. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात ४.५ मिलिमीटर, म्हणजे ०.१७७ इंच व्यासाचा शिशाचा छर्रा वापरतात आणि नळीला आतून आटे असतात. छर्रा स्वतःभोवती फिरत जातो व त्यामुळे त्याची दिशा स्थिर राहते. मात्र दोन्हींच्या घडणीचा हेतू वेगळा असल्याने एकीचे रूपांतर दुसरीत होत नाही. हा मूलभूत भेद ध्यानात घेतला, तर निम्मा वायफळ खर्च वाचतो.

जोर आणि अचूकता

विक्रेत्याकडे सर्वांत आधी विचारला जाणारा प्रश्न म्हणजे ‘जोर किती?’ अचूकतेच्या दृष्टीने हा प्रश्नच गैरलागू आहे. जगज्जेत्यांच्या रायफलीतून सुमारे अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला साधारण १७० मीटर वेगाने सुटतो. त्याची ऊर्जा सात ते आठ ज्यूलच्या दरम्यान असते. बाजारातील अनेक मौजेच्या बंदुका याहून अधिक जोरकस असतात, पण त्यांचा नेम तितका नेटका नसतो.

महत्त्व वेगाच्या सातत्याला आहे. सेकंदाला १७० मीटर वेगाने निघालेला छर्रा दहा मीटर अंतर कापेपर्यंत गुरुत्वाकर्षणामुळे सुमारे १७ मिलिमीटर खाली येतो. पुढचा छर्रा सेकंदाला केवळ तीन मीटर कमी वेगाने सुटला, तर हवेचा रोध हिशेबात न धरताही तो आणखी ०.६ मिलिमीटर खाली लागतो. फलकावर दर पाव मिलिमीटरला एक दशांश गुण जातो. म्हणजे नेमबाजाची काहीही चूक नसताना दोन दशांशांहून अधिक गुण हातचे गेले. म्हणूनच ‘कितीच्या वेगाने मारते’ यापेक्षा ‘दर वेळी त्याच वेगाने मारते का’ हे विचारणे शहाणपणाचे.

यंत्रणेचे तीन प्रकार

स्प्रिंगच्या रायफलीत नळी किंवा बाजूचा दांडा ओढून स्प्रिंग दाबली जाते. चाप ओढताच ती सुटते, दट्ट्या पुढे धावतो आणि त्याच्यापुढची हवा दाबली जाऊन छर्रा बाहेर पडतो. छर्रा नळीतून सुटण्यापूर्वीच दट्ट्याच्या धावेचा हिसका रायफलीला बसतो. त्यामुळे पकडीतील लहानसा फरकही फलकावर उमटतो. नळी मोडून भरायच्या रायफलीत नळी दर वेळी नेमकी त्याच जागी बसणेही आवश्यक असते. या प्रकाराचे गुण म्हणजे अल्प किंमत, सोपी देखभाल आणि सिलिंडरची गरज नसणे. जुन्या काळी जर्मन कारागिरांनी हा हिसका जिरवणाऱ्या स्प्रिंगच्या मॅच रायफली घडवल्या होत्या. फाइनवेर्कबाउ ३०० एस ही त्यांतील नावाजलेली. तिची संपूर्ण यंत्रणा झाडतेवेळी दस्त्यावर मागे सरकते आणि धक्का खांद्यापर्यंत पोहोचत नाही.

दुसरा प्रकार एकदाच दाब देऊन हवा भरण्याचा. बाजूचा दांडा एकदा उघडून मिटला की एका छऱ्यापुरती हवा दाबून ठेवली जाते. धक्का जवळजवळ नसतो, वेगात सातत्य असते आणि बाहेरून हवा आणावी लागत नाही. मात्र साठ छऱ्यांसाठी साठ वेळा दांडा ओढावा लागतो. लहान मुलांना तो जड जातो.

तिसरा प्रकार आधीच भरलेल्या दाबाच्या हवेचा, म्हणजेच पीसीपी. नळीखालच्या सिलिंडरमध्ये साधारण २०० बार दाबाने हवा भरलेली असते. रेग्युलेटर नावाचा भाग त्यातून दर छऱ्यासाठी सारख्याच दाबाची हवा सोडतो. आज आंतरराष्ट्रीय स्पर्धांत हाच प्रकार सर्वत्र दिसतो. वाल्थर, फाइनवेर्कबाउ, अन्शुट्झ, स्टायर, पार्दिनी ही त्यातील परिचित नावे आहेत. भारतातही पीसीपी रायफली तयार होऊ लागल्या असून, आरंभीच्या वर्षांसाठी त्या परवडणारा मध्यममार्ग ठरू शकतात.

विश्वासार्ह पाया कशाला म्हणावे

पुढे सुधारणा करता येईल अशी रायफल निवडायची, तर काही भाग मुळातच उत्तम असावे लागतात. नंतर ते बदलणे अशक्य किंवा अतिशय खर्चिक असते. पहिला भाग नळी. तिचे आटे एकसारखे आणि मुखाची कडा निर्दोष हवी. छर्रा बाहेर पडताना शेवटचा स्पर्श या कडेलाच होतो. तेथे ओरखडा असेल, तर मागची हवा एका बाजूने आधी निसटते आणि छर्रा कलंडतो.

दुसरा भाग हवेची किंवा स्प्रिंगची यंत्रणा, जिच्यावर वेगाचे सातत्य अवलंबून असते. तिसरा भाग चाप. तो दोन टप्प्यांचा असावा. पहिल्या टप्प्यात बोट सैल अंतर पार करते, दुसऱ्या टप्प्याशी थबकते आणि तेथून किंचित दाबाने चाप सुटतो. एअर रायफलच्या चापाच्या वजनावर आंतरराष्ट्रीय नियमांत किमान मर्यादा नाही. तरीही नवशिक्याने अतिहलका चाप घेऊ नये. बोटाला दाबाचे भान येण्याआधीच छर्रा सुटण्याची खोड त्यातून लागते.

चौथी बाब सुट्या भागांची उपलब्धता. हवा अडवणारे रबरी वायसर काही वर्षांनी झिजतात. ते आपल्या देशात मिळत नसतील, तर उत्कृष्ट रायफलही कपाटात पडून राहते. दुरुस्ती करणारा माहितगार कारागीर कोठे आहे, हे खरेदीपूर्वीच विचारून घ्यावे. गोमंतक किंवा बेळगावच्या नेमबाजाला प्रत्येक दुरुस्तीसाठी पुणे-मुंबई गाठावी लागणार असेल, तर तो खर्चही किमतीतच धरायला हवा.

आधी शरीर, मग साधन

खरेदीपूर्वी नेमबाजाचा प्रबळ डोळा कोणता, हे तपासावे. दोन्ही हात लांब करून तळव्यांच्या मधोमध लहानशी खिडकी करावी आणि तीतून दूरची एखादी वस्तू पाहावी. मग एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याला ती वस्तू खिडकीत तशीच दिसत राहते, तो प्रबळ डोळा. उजव्या हाताच्या मुलाचा डावा डोळा प्रबळ निघाला, तर प्रशिक्षकाशी बोलून कोणत्या खांद्यावर शिकवायचे, हे आधी ठरवावे. डावखुऱ्यांसाठीचा दस्ता वेगळा असतो. हा निर्णय रायफल घेतल्यानंतर झाला, तर ती विकण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

दुसरी गोष्ट वजन. नियमांनुसार एअर रायफलचे कमाल वजन साडेपाच किलो आहे. पण ती मर्यादा आहे, उद्दिष्ट नव्हे. उभ्या स्थितीत कंबरेतून मागे कलून पाठीच्या कण्यावर भार घ्यावा लागतो. दहा-बारा वर्षांच्या मुलाला पूर्ण वजनाची रायफल दिल्यास नेम सुधारणार नाहीच, पाठदुखी मात्र मागे लागेल. दस्त्याची लांबी, गालपट्टी आणि खांद्याची पट्टी सरकवता येणारी रायफल वाढत्या मुलांना अनेक वर्षे पुरते. एकसंध लाकडी दस्त्याची देखणी रायफल दोन वर्षांत आखूड पडते.

वापरलेली रायफल घेताना

नव्या परदेशी मॅच रायफलीची किंमत लाखांत जाते. त्यामुळे बहुतेक नेमबाजांची पहिली चांगली रायफल वापरलेलीच असते. यात गैर काही नाही. शिशाचे छर्रे मऊ असल्याने नीट राखलेली नळी वर्षानुवर्षे टिकते. पण काही तपासण्या टाळू नयेत.

सर्वप्रथम सिलिंडरवर कोरलेली तारीख पाहावी. एअर रायफलच्या सिलिंडरचा वापरकाल साधारण दहा वर्षांचा असतो. मुदत उलटलेला सिलिंडर धोकादायक असतो आणि स्पर्धेतही अडचण येऊ शकते. किंमत ठरवताना नव्या सिलिंडरचा खर्च त्यातून वजा करून घ्यावा. दुसरी तपासणी गळतीची. सिलिंडर भरून दाबाचा आकडा लिहून ठेवावा आणि चोवीस तासांनी पुन्हा पाहावा. काटा उतरला असेल, तर वायसर बदलावे लागतील. तिसरी तपासणी वेगाची. वेगमापकावर लागोपाठ वीस छर्रे झाडावेत. सर्वांत जास्त व सर्वांत कमी वेगातील फरक सेकंदाला तीन मीटरहून अधिक निघाल्यास रेग्युलेटरची दुरुस्ती गृहीत धरावी. शेवटी दस्त्याला चीर, स्क्रूंच्या झिजलेल्या खाचा, नळीच्या मुखावरील ओरखडे आणि गंज पाहून घ्यावेत. विक्रेता या तपासण्यांना राजी नसेल, तर ती रायफल घेऊ नये.

सुधारणेचा हिशेब

सुधारणेवर पैसा कधी खर्च करावा, याचे उत्तर साध्या गणिताने मिळते. फलकावरील दोन वर्तुळांतले अंतर अडीच मिलिमीटर असते. आठ गुणांच्या आसपास मारणाऱ्या नवशिक्याचा छर्रा केंद्रापासून सरासरी साडेसात मिलिमीटर दूर पडतो. त्याच्या रायफलीची स्वतःची चूक दीड मिलिमीटर असली, तर दोन्ही चुका एकत्र होऊन सुमारे ७.६५ मिलिमीटर होतात. स्वतंत्र चुकांची सरळ बेरीज होत नाही. त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढावे लागते. म्हणजे पूर्णतः निर्दोष रायफल हाती दिली, तरी या नवशिक्याचा लाभ अवघा ०.१५ मिलिमीटर, एक दशांश गुणाहूनही कमी.

आता साडेदहाची सरासरी राखू शकणारा नेमबाज घ्या. त्याची स्वतःची चूक सव्वा मिलिमीटर. तीच दीड मिलिमीटर चुकीची रायफल त्याच्या हाती आली, तर एकत्रित चूक जवळपास दोन मिलिमीटर होते. दर छऱ्यामागे पाव गुणाहून अधिक आणि साठ छऱ्यांत सोळा-सतरा गुण केवळ साधनामुळे जातात. राष्ट्रीय पातळीवर एवढ्या फरकाने नेमबाज यादीत कुठच्या कुठे फेकला जातो. यावरून निष्कर्ष स्पष्ट आहे. आरंभीची वर्षे स्थिती, श्वास आणि चाप यांच्या सरावाला द्यावीत. नेमबाजाची चूक जसजशी आकसेल, तसतसा साधनावरचा खर्च अर्थपूर्ण होत जातो.

सुधारणांचा योग्य क्रम

पहिली सुधारणा जुळवणीची, आणि तिला पैसे लागत नाहीत. गालपट्टी अशा उंचीवर आणावी, की डोके सहज टेकताच डोळा मागच्या छिद्राच्या रेषेत येईल. मान वाकवून डोळा जुळवावा लागत असेल, तर दहा मिनिटांत स्नायू थकतात. खांद्याची पट्टी आणि चापाचे अंतरही याच वेळी निश्चित करावे. प्रत्येक बदलाची नोंद वहीत ठेवावी. ही नोंद नसेल, तर चांगल्या दिवसाची जुळवणी पुन्हा सापडत नाही.

दुसरी सुधारणा छऱ्यांची. स्पर्धेत सपाट तोंडाचे छर्रे वापरतात, कारण ते कागदावर स्वच्छ गोल भोक पाडतात. एकाच कंपनीचे छर्रे डोक्याच्या मापानुसार ४.४९, ४.५०, ४.५१ मिलिमीटर अशा निरनिराळ्या डब्यांत मिळतात. कोणते माप आपल्या नळीला मानवते, हे फक्त चाचणीनेच कळते. रायफल शिकंज्यात किंवा वाळूच्या पिशव्यांवर घट्ट टेकवून प्रत्येक मापाचे दहा-दहा छऱ्यांचे किमान तीन गट झाडावेत. गटाच्या बाहेरच्या कडांमधील सर्वाधिक अंतर मोजून त्यातून ४.५ मिलिमीटर वजा केले, की केंद्रापासून केंद्रापर्यंतचा फैलाव मिळतो. एखादा गट योगायोगानेही सुरेख येतो, म्हणून एका गटावरून निर्णय घेऊ नये. योग्य माप सापडल्यावर त्याच उत्पादन-क्रमांकाचे डबे एकदम घेऊन ठेवावेत.

तिसरी सुधारणा दर्शकांची. या प्रकारात दुर्बिणीला परवानगी नाही. मागे बारीक छिद्र आणि पुढे कडी, अशी रचना असते. फलकाचा काळा भाग ३०.५ मिलिमीटर व्यासाचा असतो. पुढच्या कडीत तो बसवल्यावर भोवती पांढऱ्या प्रकाशाचे पुरेसे वलय दिसले पाहिजे. कडी फार घट्ट घेतली, तर डोळा वर्तुळे जुळवण्याच्या धडपडीत शिणतो आणि चाप उशिरा ओढला जातो. नवशिक्यांना थोडी मोठी कडी उपकारक ठरते. मागच्या छिद्राचा आकार कमीजास्त करणारी झडप हा अल्प खर्चात मोठा लाभ देणारा भाग आहे. राज्यस्तरीय स्पर्धांत साध्या दर्शकांचा ‘ओपन साइट’ आणि छिद्रदर्शकांचा ‘पीप साइट’ असे वर्ग असतात. आपल्याला कोणत्या वर्गात उतरायचे आहे, हे आधी ठरवूनच दर्शक घ्यावेत.

याच टप्प्यावर रायफल तिरपी धरण्याची खोड तपासावी. छर्रा दहा मीटरमध्ये सुमारे १७ मिलिमीटर खाली येतो, हे वर आलेच आहे. रायफल नेहमीपेक्षा पाच अंशांनी कलली, तर छर्रा त्या बाजूला सुमारे दीड मिलिमीटर सरकतो. थोडीशी तिरकी पकड अनेक जगज्जेत्यांचीही असते. मात्र तो कल दर छऱ्याला सारखाच असतो. पुढच्या दर्शकातील लहानशा पाणसळीने हे सातत्य तपासता येते.

चौथी सुधारणा तोलाची. पुढच्या बाजूला वजने जोडल्यास रायफल शांत राहते, पण ती उचलण्याचे कष्ट वाढतात. एका वेळी एकच वजन वाढवून आठवडाभर त्याच जुळवणीवर सराव करावा. पाचवी सुधारणा यंत्रणेची : वायसर बदलणे, रेग्युलेटर साफ करणे, चापाची फेरजुळणी. हे काम जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावे. नळी बदलणे हा सर्वांत शेवटचा उपाय आहे आणि बहुतेकांना त्याची गरज कधीच पडत नाही.

स्प्रिंगच्या रायफलीत सुधारणेला मर्यादा असतात. दस्त्याचे सैल स्क्रू आवळणे, नळीच्या सांध्याचे वायसर बदलणे, योग्य वंगण देणे आणि चाप सुरळीत करणे, एवढ्याने गट निश्चितच आवळतो. अधिक कडक स्प्रिंग बसवण्याचा मोह मात्र टाळावा. तिने हिसका वाढतो आणि नेम बिघडतो. छर्रा न घालता स्प्रिंगची रायफल झाडू नये. पुढे हवेची उशी नसल्याने दट्ट्या थेट आदळतो आणि यंत्रणा खिळखिळी होते.

दमट हवा, देखभाल आणि हवा भरणे

किनारपट्टीवरील दमट व खारी हवा पोलादाची वैरी आहे. पावसाळ्यात रायफल पेटीतच बंद ठेवल्यास फोममध्ये मुरलेला ओलावा तिला गंज चढवतो. सरावानंतर बाहेरील धातूवर तेलाचा पातळ हात फिरवून ती कोरडी करावी आणि पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. नळी साफ करताना धातूचा ब्रश वापरू नये. त्यासाठी नमद्याच्या गोळ्या मिळतात.

पीसीपीमध्ये भरायची हवा कोरडी व गाळलेली असावी. गोव्यात पाणबुडे खेळाडू वापरतात त्या मोठ्या सिलिंडरमधून योग्य जोडणीने हवा भरता येते. परंतु त्या सिलिंडरचा दाब रायफलीच्या मर्यादेहून अधिक असू शकतो. म्हणून काट्यावर नजर ठेवून हळूहळू भरावे. सिलिंडरमध्ये ऑक्सिजन कदापि भरू नये आणि जोडणीवर साधे खनिज तेलही लावू नये. उच्च दाबाखाली दोन्हींमुळे स्फोट होऊ शकतो. छर्रे शिशाचे असल्याने सरावाच्या वेळी खाणेपिणे टाळावे आणि नंतर साबणाने हात धुवावेत. लहान मुलांच्या बाबतीत हा नियम काटेकोर पाळावा.

कायदा आणि सुरक्षितता

२०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ०.१७७ इंचापर्यंतच्या व्यासाच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. स्पर्धेच्या रायफली या मर्यादेच्या बऱ्याच आत बसतात. तरीही खरेदीची पावती आणि ओळखपत्राची प्रत पेटीत ठेवावी. वाटेत चौकशी झाल्यास ती उपयोगी पडते. परवाना लागत नाही याचा अर्थ कोठेही झाडता येते असा नाही. पक्ष्यांवर छर्रे मारणे हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कचाट्यात सापडण्यासारखे कृत्य आहे. विमान प्रवासात रायफल जाहीर करून सामानाच्या कक्षात द्यावी लागते आणि सिलिंडर रिकामा करावा लागतो. याची चौकशी तिकीट काढतानाच विमान कंपनीकडे करावी.

सात ज्यूलचा छर्रा डोळा कायमचा निकामी करू शकतो आणि मोकळ्यावर शंभर मीटरहूनही दूर जातो. घरी सराव करायचा, तर मागे छर्रे अडवणारी पोलादी पेटी हवी आणि त्या दिशेला दार किंवा खिडकी नसावी. रायफल कायम भरलेलीच आहे असे समजून तिचे तोंड सुरक्षित दिशेला ठेवावे. सराव संपताच यंत्रणा उघडी करून नळीत रंगीत सुरक्षा-दोरी घालावी. लहान मुले मोठ्यांच्या देखरेखीखालीच सराव करतील, हे पाहण्याची जबाबदारी पालकांची आहे.

खर्चाची विभागणी

पहिले सहा महिने ते वर्षभर क्लबच्या रायफलीवर सराव करणे हाच सर्वांत किफायतशीर मार्ग आहे. या काळात कोणत्या उंचीची गालपट्टी, किती वजन आणि कोणती पकड मानवते, याची ठोस माहिती हाती येते. त्यानंतर खरेदी करताना उपलब्ध रक्कम सगळीच्या सगळी रायफलीवर घालू नये. नेमबाजीचे जाकीट, विजार, बूट व हातमोजा, वर्षभराचे छर्रे, सरावाचे शुल्क आणि स्पर्धांचा प्रवास यांसाठी निम्म्याच्या आसपास रक्कम राखून ठेवावी. छऱ्यांअभावी मुका राहिलेल्या महागड्या रायफलीपेक्षा दररोज चाळीस छर्रे झाडणारी साधी रायफल नेमबाज घडवण्याची शक्यता अधिक असते.

रिकाम्या रायफलीचा सरावही मोलाचा आहे. बहुतेक मॅच रायफलींत हवा न सोडता केवळ चाप चालवण्याची सोय असते. भिंतीवर चिकटवलेल्या लहानशा काळ्या ठिपक्यावर रोज वीस मिनिटे उभे राहून नेम धरावा. याला ना छर्रे लागतात, ना सिलिंडर. या सरावातून नेमबाजाची स्वतःची चूक आकसत जाते आणि रायफलीवर पुढचा पैसा खर्च करण्याची वेळ आली की नाही, हे फलकावरचे गुणच सांगू लागतात.